आधी खाच, मग घोडा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या प्रयोगशाळेत मी शिकले. प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने ते आखून घ्यायला लावत, आणि एकातलं वाक्य दुसऱ्यात गेलेलं दिसलं की पान पुन्हा लिहावं लागे. समोर बसलेल्या अनेकांना ते आठवत असेल. आजचा विषय सरांच्या अभ्यासक्रमात नव्हता, पण त्या दोन रकान्यांशिवाय तो मला मांडता येणार नाही. मी दिवसा बँकेत काम करते आणि अमावास्येच्या आसपास आभाळ मोकळं असेल तर घाटमाथ्यावर जाऊन तेजोमेघांची छायाचित्रं काढते. ही चित्रं कुणाला दाखवली की पहिला प्रश्न अंतराचा किंवा तापमानाचा क्वचितच येतो. ‘हा घोडा आहे ना?’, ‘इथे मला गणपतीची सोंड दिसते’, असंच लोक म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर थोडे ओशाळतात, जणू शास्त्राच्या दारात काही पोरकट बोलून गेलो. ओशाळण्याचं कारण नाही, असं मला वाटतं. आकार दिसणं हा या छंदाचा गाभा आहे, आणि हौशी माणसाच्या हातून शास्त्राला जे काही मिळतं त्यात या आकार पाहण्याचा मोठा वाटा आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि तिच्याबद्दलच मी आज अधिक बोलणार आहे.

सध्या थंडीचे दिवस आहेत. रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेकडे तोंड केलंत तर मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं दिसेल. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधे एका ओळीत तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि त्या बाणाची रेघ खाली वाढवत नेली की ज्याने तो सोडला तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. ग्रीकांनी याच ताऱ्यांत हरीण पाहिलं नाही, शिकारी पाहिला. आपला बाण हा त्यांच्या लेखी शिकाऱ्याचा कमरपट्टा. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच नक्षत्राच्या आधारावर, आणि वेदांचा काळ ठरवताना हरणाचं शीर्ष नेमकं कोणत्या ताऱ्यांत पाहायचं याचा त्यांना बारकाईने विचार करावा लागला. आकाशातले आकार हा मोठ्या माणसांनी गांभीर्याने हाताळलेला विषय आहे, तो असा.

आता या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी व्याधाच्या बाजूच्या ताऱ्याकडे चला. त्याचं नाव अल्निटाक. त्याच्या दक्षिणेला अर्ध्या अंशावर, म्हणजे पौर्णिमेचा चंद्र मावेल एवढं अंतर सोडून, जी जागा आहे तिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. मोठी दुर्बीण, अतिशय काळं आकाश, योग्य फिल्टर आणि सरावलेला डोळा असं सगळं जुळून आलं तर तिथे फार तर एक पुसट काळसरपणा जाणवतो. कॅमेऱ्याला मात्र त्या जागी हायड्रोजनचा लालसर पडदा दिसतो आणि त्या पडद्यावर घोड्याचं डोकं: कपाळ, लांबट नाक, मानेचा बाक, सगळं. जगभर त्याला हॉर्सहेड म्हणतात. आपण अश्वशीर्ष म्हणू. हा घोडा म्हणजे थंड वायूचा आणि धुळीचा ढग आहे, आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर. त्याच्या पाठीमागचा हायड्रोजन सिग्मा ओरायनिस या तप्त ताऱ्याच्या अतिनील प्रकाशामुळे झळाळतो आणि पुढची धूळ तो उजेड अडवते. लहानपणी दिवे गेले की मेणबत्तीसमोर हात धरून आपण भिंतीवर हरणाचं तोंड उमटवायचो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे भिंतीवरची सावली आपल्याला दिसत नाही, उजेडाच्या आड आलेला हातच दिसतो, आणि तो हात तीन-साडेतीन प्रकाशवर्षं उंच आहे.

हा ढग पहिल्यांदा पाहिला तो विल्यमिना फ्लेमिंग यांनी, १८८८ साली, अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत, छायाचित्राच्या काचेवर. फ्लेमिंगबाई मूळच्या स्कॉटलंडमधल्या डंडीच्या. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या, दिवस गेलेले असताना त्याने सोडून दिलं, आणि पोटासाठी त्या वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून कामाला राहिल्या. पिकरिंगनी त्यांची हुशारी ओळखून त्यांना वेधशाळेत घेतलं. पुढची तीस वर्षं त्या काचा तपासत राहिल्या. दहा नवतारे आणि ५९ तेजोमेघ त्यांच्या नावावर आहेत. हार्वर्डमधल्या या प्रचंड कामाला पैसा कुठून आला, हेही आजच्या प्रसंगी सांगण्यासारखं आहे. हेन्री ड्रेपर नावाच्या गृहस्थांचा १८८२ साली अकाली मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी अ‍ॅना यांनी पतीच्या स्मरणार्थ वेधशाळेला निधी दिला आणि त्यातून ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रं काढून त्यांचं वर्गीकरण करण्याचं काम उभं राहिलं.

फ्लेमिंगबाईंनी त्या काचेवर जे पाहिलं त्याची नोंद थोडक्यात अशी: अल्निटाकपासून दक्षिणेकडे सुमारे ६० कलांपर्यंत, म्हणजे एका अंशापर्यंत, पसरलेला मोठा तेजोमेघ आहे, त्याची पूर्वेकडची बाजू अधिक ठळक आहे, आणि ताऱ्याच्या दक्षिणेला ३० कलांवर त्या बाजूला ५ कला व्यासाची अर्धवर्तुळाकार खाच आहे. बस्स. नोंदीत घोडा नाही, डोकं नाही, मान नाही. खाच आहे, तिची जागा आहे, तिचं माप आहे. आज मी माझ्या छायाचित्रावर पट्टी ठेवून मोजते तेव्हा ती खाच तिथेच, तेवढीच सापडते. नंतरच्या, अधिक स्पष्ट छायाचित्रांत घोडा दिसू लागला आणि नाव रूढ झालं. मात्र १८९५ साली तेजोमेघांची जी मोठी पुरवणी यादी छापली गेली, तिच्यात फ्लेमिंगबाईंचं नाव गळलं आणि श्रेय पिकरिंगच्या पदरात पडलं. मला या बाईंबद्दल फार आदर आहे. सरांच्या वहीत त्यांचं पान एकदाही परत आलं नसतं.

या कामात हौशी माणसं कुठून आली, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, ती सुरुवातीपासूनच आहेत. ज्या हेन्री ड्रेपरांचा उल्लेख केला ते शिक्षणाने डॉक्टर. मृगाच्या बाणाखालचा जो मोठा तेजोमेघ आहे, मेसिएच्या यादीतला एम ४२, त्याचं पहिलं छायाचित्र त्यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ५१ मिनिटं प्रकाश घेऊन काढलं. पुढे १८८३च्या जानेवारीत लंडनजवळ ईलिंगला अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीने त्याच तेजोमेघाचं ३७ मिनिटांचं छायाचित्र घेतलं, तेव्हा डोळ्यांना दुर्बिणीतून न दिसणारे तारे काचेवर उमटले. कॉमन हे सांडपाणी व्यवस्थेचे अभियंता, आणि दुर्बीण घराच्या बागेत. त्याआधीच्या काळात एम ४२ची चित्रं हाताने काढली जात, आणि एकाचं चित्र दुसऱ्याशी इतकं जुळत नसे की तेजोमेघच बदलतो आहे की काय, अशी चर्चा चाले. चित्रकाराचा हात आणि आकाशातला ढग यांना वेगळं काढायची सोय छायाचित्राने प्रथम दिली.

एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांचं नाव या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल गावी अत्यंत गरिबीत जन्म, वयाच्या नवव्या वर्षापासून फोटो स्टुडिओत नोकरी. तिथेच काच, रसायन, प्रकाश यांची नस त्यांना सापडली. पुढे आकाशगंगेची जी छायाचित्रं त्यांनी काढली, त्यांत तारे नसलेल्या काळ्या जागा पुन्हा पुन्हा येत. विल्यम हर्शेलना अशा जागा म्हणजे आकाशाला पडलेली भोकं वाटली होती. बर्नार्डही कित्येक वर्षं ठरवू शकले नाहीत की हे भोक आहे की पुढे आलेला ढग. त्यांनी निकाल घाईने दिला नाही. काळ्या जागा नोंदवत राहिले. १९१९ साली त्यांनी अशा १८२ जागांची यादी प्रसिद्ध केली. अश्वशीर्ष त्या यादीतलं ३३वं. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा त्यांचा नकाशासंग्रह १९२७ साली निघाला, तेव्हा ते जाऊन चार वर्षं झाली होती.

काळ्या जागांत आकार पाहणारे ते पहिलेच मात्र नव्हेत. ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत एमू पक्षी पाहत आले आहेत, आणि पेरूमधल्या अँडीज पर्वतातले लोक लामा. त्यांच्याकडे ना काच होती ना दुर्बीण, काळं आकाश तेवढं होतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते, कारण आकार कुठे ‘होतो’ हे त्याशिवाय कळणार नाही. आपल्या डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. क्षणभरापूर्वीचा उजेड तो पुढच्या क्षणात मिळवू शकत नाही. शिवाय अंधारात डोळ्याला लाल रंग जवळजवळ कळत नाही, म्हणून एम ४२ दुर्बिणीतून राखाडी किंवा हिरवट दिसतो. कॅमेरा प्रकाश साठवतो. पण पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे कॅमेरा स्थिर ठेवला तर काही सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. मग माउंट लागतं, जे ताऱ्यांच्या वेगाने फिरतं, आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याजवळच्या खऱ्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं वाचून हे शिकणाऱ्याला आपल्याकडची अडचण लक्षात येत नाही. पुण्याच्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. उत्तरेला डोंगराची एक सोंड आडवी आली, किंवा खालच्या गावच्या दिव्यांनी धुरकट आभाळ उजळलेलं असलं, की तो सापडत नाही. त्यामुळे जागा निवडताना मी आधी उत्तर बघते, मृग कुठे उगवणार ते नंतर.

डिसेंबरात मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं. बॅग ओली, टेबल ओलं, आणि भिंगावर दव धरलं की तारे फुगायला लागतात. म्हणून भिंगाभोवती गरम राहणारी पट्टी गुंडाळून ठेवायची. दोन-तीन मिनिटांची एक फ्रेम, अशा कितीतरी. एकेका फ्रेममध्ये घोडा जवळजवळ नसतोच. असतो तो नॉइज, पडद्यावरची रवाळ बुजबुज. पुढे संगणकावर सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर तारे जुळवून एकमेकींवर बसवायच्या, ज्याला आम्ही स्टॅकिंग म्हणतो. तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी पडतो, म्हणून फ्रेम वाढतील तशी त्याची बेरीज थेट होते. नॉइज मात्र दर वेळी वेगळा, कधी अधिक कधी उणा, त्यामुळे तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. चौपट फ्रेम घेतल्या की चित्र दुप्पट स्वच्छ होतं. आणखी दुप्पट हवं तर सोळापट घ्या. वर्गमुळाचा हा हिशोब शाळेत शिकताना मला त्याचं प्रयोजन कधी कळलं नव्हतं. आता रात्र संपत आली तरी उठावंसं वाटत नाही, त्याचं कारण हाच हिशोब. पहाटे भिंगावर पांढरं कापड ताणून उजळत्या आकाशाच्या फ्लॅट फ्रेम घ्यायच्या, म्हणजे सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि कडांचा काळेपणा हिशोबातून काढून टाकता येतो. धुळीचा डाग काढला नाही तर चित्रात एक गोल काळी जागा राहते, आणि काळ्या जागेला आपण काय म्हणायला तयार असतो ते आत्ताच पाहिलं.

दुकानातून आणलेल्या साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक फिल्टर असतो, जो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो. माणसांचे चेहरे नैसर्गिक दिसावेत म्हणून तो बसवलेला असतो. त्यामुळे नव्या हौशी माणसाच्या चित्रात अश्वशीर्षामागचा पडदा फिका येतो आणि पडदाच नसेल तर घोडा कुठून दिसणार? म्हणून बरेच जण तो फिल्टर काढून घेतात, किंवा खगोल छायाचित्रणासाठीच केलेला कॅमेरा वापरतात.

स्टॅक केलेलं चित्र प्रथम उघडलं की ते जवळजवळ काळं असतं. चार-दोन तारे, बाकी अंधार. सगळी माहिती त्या अंधारातच असते, पण तळाशी दाबलेली. मग ती वर आणायची, म्हणजे स्ट्रेच करायचं: वक्ररेषेचं टोक माउसने हळूहळू वर ओढत जायचं. एका ओढीला अल्निटाकभोवतीचा उजेड दिसतो, पुढच्या ओढीला लाल पडदा, आणि मग पडद्याच्या कडेला ती खाच. अगदी फ्लेमिंगबाईंनी लिहिली तशी, आधी खाचच. आणखी थोडं ओढलं की नाक येतं, मानेचा बाक येतो. ज्या क्षणी मन ‘घोडा’ म्हणतं, तो क्षण मला आजही दर वेळी जाणवतो. आणि त्याच क्षणी हात माउसवरून काढून घ्यावा, अशी मी स्वतःला सवय लावली आहे.

मघाशी जी अट म्हणाले ती इथे लागू होते. एकदा घोडा दिसला की हात घोड्याच्या बाजूने काम करू लागतो. नाक थोडं अधिक टोकदार, आयाळ थोडी अधिक ठळक, मागचा लाल रंग थोडा अधिक गडद. हल्ली अशी सॉफ्टवेअरं आहेत की ती नॉइज काढताना आणि चित्र धारदार करताना, इतर हजारो चित्रांवरून शिकलेलं, इथे असायला हवं असं काही भरूनही टाकतात. मी अशी साधनं सरसकट नाकारत नाही. पण अश्वशीर्षाच्या मानेवर एखादी तंतूसारखी रेघ दिसली तर ती मूळ फ्रेममध्ये, निदान अर्ध्या-अर्ध्या फ्रेमच्या दोन वेगळ्या स्टॅकमध्ये, दोन्हीकडे दिसते का हे पाहिल्याशिवाय मी ती ठेवत नाही. रंगांचंही तेच. हबल दुर्बिणीच्या १९९५च्या गाजलेल्या चित्रात, गरुड तेजोमेघातल्या स्तंभांच्या चित्रात, गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा असा ठरवून दाखवला आहे, कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्ही खरे तर लालच, आणि दोघांना वेगळं दाखवायचं होतं. ते योग्यच आहे, कारण ते सांगून केलं आहे. चित्राखाली कोणता रंग कशासाठी वापरला हे लिहिणं मला चित्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपण कल्पनेने पाहावं, पण कल्पनेने प्रकाश घालू नये.

आणि आकार आपला असतो, ढगाचा नसतो, हे विसरता येत नाही. अश्वशीर्षाचं हबलने २०१३ साली अवरक्त प्रकाशात चित्र घेतलं, तेव्हा धुळीतून आरपार दिसू लागलं आणि घोड्याचा काळेपणा नाहीसा होऊन तिथे उजळ, घड्याघड्यांचा पारदर्शक ढग दिसला. जेम्स वेब दुर्बिणीने २०२४ साली आयाळीचाच तुकडा जवळून टिपला, त्यात तर डोकंच नाही. आपण या ढगाच्या दुसऱ्या बाजूच्या एखाद्या ताऱ्याजवळून पाहत असतो तर हा घोडा कुठल्याच प्रकाशात दिसला नसता. आणि आजूबाजूच्या ताऱ्यांच्या प्रकाशाने हा ढग झिजतो आहे. साधारण पन्नास लाख वर्षांत तो विरून जाईल असा अंदाज आहे.

हंस तारकासमूहात डेनेबजवळ एक मोठा तेजोमेघ आहे, एनजीसी ७०००. मॅक्स वोल्फ या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८९०च्या सुमाराला त्याची छायाचित्रं घेतली आणि त्याला उत्तर अमेरिका असं नाव दिलं. नकाशा पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटतं. फ्लोरिडा, मेक्सिकोचं आखात, सगळं जागच्या जागी. पण ते आखात म्हणजे पुढे आलेला धुळीचा काळा ढग. धूळ नसती तर तिथे किनारा नव्हता. आपल्याकडे या तेजोमेघाचा हंगाम नेमका पावसाळ्यात येतो, म्हणून ऑक्टोबरात संध्याकाळी तो पश्चिमेकडे झुकण्याआधी मिळेल तेवढा वेळ पदरात पाडून घ्यायचा.

नाव कधी कधी चित्राहून चिवट ठरतं. वृषभेतल्या एम १ला खेकड्याचं नाव पडलं ते आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी १८४४च्या सुमाराला काढलेल्या चित्रावरून. पुढे त्यांनीच आणखी मोठी, ७२ इंची दुर्बीण बांधली आणि तीतून पाहिलं तर खेकडा उरला नाही. नाव मात्र राहिलं. हा ढग म्हणजे १०५४ साली चिनी ज्योतिष्यांनी पाहिलेल्या स्फोटाचा अवशेष, आणि तो अजून इतक्या वेगाने पसरतो आहे की दहा-एक वर्षांच्या अंतराने काढलेली दोन हौशी छायाचित्रं एकावर एक ठेवली तर फरक दिसतो. आकाशातला एखादा आकार आपल्या हयातीत बदलताना आपणच टिपू शकतो, यापेक्षा मोठं आमंत्रण हौशी माणसाला काय हवं?

आता पुण्याबद्दल थोडं सांगते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि सरकारी मदतीतून ती उभी राहिली, म्हणून तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. तिथे ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण होती. तेव्हा तेजोमेघांच्या वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवरून वाद पेटला होता. विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहून सांगितलं होतं की हा ताऱ्यांचा पुंजका नाही, झळाळणारा वायू आहे. पण ती हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे कळेना. लंडनचे नॉर्मन लॉकियर म्हणत, ती मॅग्नेशियमच्या वर्णपटातल्या एका पट्ट्याची कड आहे. नायगमवालांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट पाहिला आणि १८९१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कळवलं की रेषा धारदार दिसते, पट्ट्याच्या कडेसारखी नाही. लॉकियर हे त्या काळातलं फार मोठं नाव होतं. पुण्याच्या प्राध्यापकांनी त्यांना जे दिसलं ते लिहिलं.

तो गुंता १९२७ साली आयरा बोवेन यांनी सोडवला: रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची होती. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत इतकी विरळ हवा करता येत नाही, म्हणून ती इथे कुणाला भेटली नव्हती. आज माझ्या बॅगेत जो ऑक्सिजनचा फिल्टर असतो तो त्याच ५००.७ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला वाट देतो. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या आकाशप्रेमींनी १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली, देशातली हौशी खगोल अभ्यासकांची ही सर्वांत जुनी संस्था. पण नायगमवालांचं नाव शाळेतल्या मुलांना आजही ठाऊक नसतं, याची मला खंत आहे.

आकार पाहण्याचा शास्त्राला उपयोग काय, याचं उत्तर जानेवारी २००४मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत मिळालं. जे मॅक्नील नावाच्या हौशी माणसाने घराच्या आवारातून अवघ्या तीन इंची दुर्बिणीने मृगातल्या एम ७८ या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. एम ७८चं चित्र काढणारे असंख्य असतील. पण त्या भागाचा चेहरा मॅक्नील यांच्या इतका ओळखीचा होता की एम ७८च्या जवळ एक लहानसा पंख्यासारखा उजेड दिसताच त्यांना कळलं, हा इथला नाही. जुने नकाशे धुंडाळले तर बहुतेकांत तो नव्हताच. नुकताच जन्मलेला एक तारा काही महिन्यांपूर्वी अचानक भडकला होता आणि त्याच्या भोवतालची धूळ उजळली होती. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या. पुढे तो उजेड मंदावला, पुन्हा वाढला, पुन्हा गेला. मॅक्नील यांचं नाव त्याला मिळालं.

ज्या माणसाला आकाशातली जागा फक्त आकड्यांनी ठाऊक आहे त्याला हे इतक्या सहज दिसलं नसतं. आपण चेहरा ओळखतो तो मोजमापं पाठ करून नव्हे. ज्याने तेजोमेघात घोडा पाहिला, पंख पाहिला, सोंड पाहिली, त्याच्या मनात तो भाग कायमचा बसतो. उद्या त्यात एक टिंब वाढलं तर त्याला खटकतं. हौशी माणूस वर्षानुवर्षं तेच तेच तेजोमेघ का टिपतो, असं घरचे विचारतात. माझं उत्तर हे आहे.

कधी कधी बदल काहीच नसतो, पण पाहणं तेवढं खोल जातं. देवयानी दीर्घिकेइतकी छायाचित्रं दुसऱ्या कुठल्या दीर्घिकेची निघाली नसतील. तरी २०२२ साली मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सेंती या युरोपातल्या हौशी मंडळींनी लहानशा दुर्बिणीने शंभराहून अधिक तासांचा प्रकाश गोळा केला, आणि दीर्घिकेच्या बाजूला ऑक्सिजनचा एक भला मोठा निळसर कमानीसारखा पट्टा सापडला, जो तोवर कुणी टिपला नव्हता. त्यांनी तो आधी इतर दुर्बिणींच्या चित्रांशी ताडून पाहिला, मग व्यावसायिक शास्त्रज्ञांबरोबर प्रसिद्ध केला. ती कमान आपल्या आकाशगंगेतली आहे की देवयानीजवळची, याचा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. इथेही आधी खाच, मग घोडा.

मी शाळांमध्ये जाते तेव्हा मुलांना अश्वशीर्षाचं छायाचित्र नाव न सांगता देते, कृष्णधवल, आणि ते चार दिशांनी फिरवून पाहायला सांगते. काय दिसतं ते लगेच सांगायचं नाही. आधी कागदावर काळ्या भागाची कड काढायची आणि चंद्राच्या तुलनेत ती केवढी ते लिहायचं. मग नाव द्यायचं. कुणाला खंडोबाचा घोडा दिसतो, कुणाला समुद्रघोडा, एका मुलीला डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली होती. कड मात्र सगळ्यांची जवळजवळ सारखी येते. मुलांना ते स्वतः ताडून पाहू दिलं की वर्गात जी चर्चा होते, ती मी सांगून झाली नसती.

हे सगळं करायला अंधार लागतो, आणि तो आपल्याकडे झपाट्याने कमी होतो आहे. जुने पिवळे सोडियमचे दिवे मोजक्या तरंगलांबींवर प्रकाश देत, तो फिल्टरने बराचसा अडवता येई. नवे पांढरे एलईडी सगळ्या रंगांत उजेड टाकतात, त्यांना फिल्टर पुरत नाही. वीज वाचली हे चांगलंच झालं, पण वाचलेल्या विजेतून आपण दुप्पट दिवे लावले आणि त्यातले कितीतरी वर आकाशाकडे तोंड करून बसवले. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी तिथल्या गावांत रस्त्यावरचे दिवे बदलून ते खाली वळवण्यात आले. वाघांच्या जंगलाशेजारची गावं हे करू शकतात तर आपल्या तालुक्याच्या गावाला ते अशक्य नाही.

म्हणून संयोजकांना माझी एक विनंती आहे. या सभागृहामागच्या मैदानावर जे चार दिवे आहेत त्यांना वरून झाकण बसवायचं, आणि अमावास्येच्या आठवड्यात रात्री आठ ते दहा ते बंद ठेवायचे. नगरपालिकेकडे अर्ज मी लिहून आणला आहे; त्यावर आज जमलेल्यांच्या सह्या हव्या आहेत. दिवे बंद झाले तर दुर्बीण मी आणेन, एम ४२ मुलांना तिथूनच दाखवता येईल, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि पेन्सिल देण्याची जबाबदारी माझी.